मोडतोड थांबवणारा जंतू

मामांना सध्या दर सोमवारी आणि गुरुवारी पोटावर एक सुई टोचतात. असे दोन आठवडे झाले की दहा दिवस सुट्टी, मग परत सोमवार-गुरुवार. आजाराचं नाव मल्टिपल मायलोमा, औषधाचं नाव बोर्टेझोमिब. पुढचं बेळगावातल्या मराठी घरांना सांगायला नको: फाईल इंग्रजीत, काउंटरवरची पाटी कन्नडात, आणि घरी येऊन पडणारे प्रश्न मराठीत.

"कॅन्सरच्या पेशी मारतंय म्हणाले. मारतंय ते कळलं. पण मारतंय कसं?"

मामांनी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत तीस वर्षं मोल्डिंगवर काढली, आता येळ्ळूरला भातशेती बघतात. आयुष्यभर यंत्रं उघडून बघितलेल्या माणसाला 'मारतंय' हे उत्तर पुरत नाही. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे उत्तर माझ्याकडूनच अपेक्षित होतं. पहिल्या प्रयत्नात मी वर्गात बोलतो तसं बोललो. प्रोटिओसोम, इन्हिबिटर, अपोप्टोसिस. मामांनी सगळं ऐकून घेतलं, "काय सांगूलालास?" म्हणाले आणि टीव्ही लावला.

दुसऱ्या वेळी मी फाउंड्रीतूनच सुरुवात केली.

साच्यात पातळ लोखंड ओततात, ते थंड झालं की साचा फोडून कास्टिंग बाहेर काढतात. पण त्याबरोबर आणखीही बरंच लोखंड बाहेर येतं. धातू साच्यात ज्या वाटेने गेला ती वाट म्हणजे रनर, जिथे जादा धातू राखून ठेवला तो रायझर, हे सगळं कास्टिंगला चिकटून घट्ट झालेलं असतं. शिवाय भोक पडलेला, चीर गेलेला, माप चुकलेला माल असतोच. यातलं काही कोणी उकिरड्यावर टाकत नाही. घणाने फोडायचं आणि परत भट्टीत घालायचं. उद्याच्या कास्टिंगमधलं निम्मं लोखंड कालच्या मोडतोडीतून आलेलं असू शकतं.

मी मामांना विचारलं, "ही फोडाफोडी बंद केली आणि मोल्डिंग मात्र चालूच ठेवलं तर?"

"दोन दिवसांत शॉप भरंल. चालायला वाट राहणार न्हाई." मग थोडं थांबून, "आणि भट्टीला घालायला मालच कुठला?"

बोर्टेझोमिब हेच करतं. पेशीतली फोडाफोडी बंद पाडतं. ही युक्ती माणसाला सुचण्याच्या कितीतरी आधीपासून मातीतले जंतू ती वापरत आले आहेत, आणि मला खरं तर त्या जंतूंबद्दलच सांगायचं आहे.

पेशीच्या कारखान्यातला माल म्हणजे प्रथिनं. आपण प्रथिन म्हटलं की डाळ आणि अंडं डोळ्यांसमोर आणतो, पण रक्तातला लाल रंग, साखर सांभाळणारं इन्सुलिन, स्नायूतला ताण, अन्न पचवणारे रस, जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं, ही सगळी प्रथिनंच. अमिनो आम्लांचे मणी ओवलेली एक लांब माळ असते, ती ठरलेल्या आकारात घडी घालून बसते आणि मग कामाला लागते. काही माळा नीट घडी घेत नाहीत. काही जुन्या होतात, खराब होतात. आणि काही धडधाकट असतात, पण त्यांचं काम संपलेलं असतं. 'आता पेशी दुभंगायची' असा हुकूम देणारं प्रथिन हुकूम देऊन झाल्यावरही तिथेच राहिलं, तर पेशी हुकूम ऐकतच बसेल. म्हणून त्याला वेळेवर मोडावंच लागतं. काही प्रथिनांचं आयुष्य काही मिनिटांचं असतं. उलट डोळ्याच्या भिंगातली काही प्रथिनं जन्माला येतात ती माणसाबरोबरच जातात.

ही मोडतोड किती चालते? प्रौढ माणूस जेवणातून दिवसाला साधारण ६० ते ७० ग्रॅम प्रथिन खातो. शरीर मात्र रोज सुमारे २५० ते ३०० ग्रॅम प्रथिन मोडतं आणि जवळपास तितकंच नव्याने बांधतं. वरचा सगळा माल आतल्याच भंगारातून येतो. ताटातली आमटी ही नुसती भर.

यात एक गोष्ट शास्त्रज्ञांना कित्येक वर्षं छळत होती. पोटात अन्न पचतं तेव्हा पाचक रस प्रथिनांचे तुकडे करतात, त्याला वेगळी ऊर्जा लागत नाही. माळ तोडणं हे उताराचं काम आहे. पण १९५३ साली मेल्विन सिम्पसन यांना यकृताच्या कापांवर प्रयोग करताना दिसलं की पेशीच्या आत प्रथिन मोडायला ऊर्जा खर्च होते. मोडायला इंधन कशाला? भंगार उतारावरून आपोआप घरंगळत असेल तर ढकलायला माणूस का ठेवायचा?

उत्तर सापडायला पाव शतक गेलं. इस्रायलमधल्या हैफाच्या टेक्निऑन संस्थेत अव्रम हर्श्को आणि त्यांचा विद्यार्थी आरोन चिएखानोव्हर, आणि अमेरिकेत फिलाडेल्फियाला अर्विन रोझ, या तिघांनी सशाच्या कच्च्या लाल रक्तपेशींचा रस घेऊन ते शोधलं. तिघांना २००४ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ऊर्जा लागते ती तोडण्याला नव्हे, तर नेमकं काय मोडायचं ते निवडून घेण्याला, हे त्या उत्तराचं सार.

इथे मामांची मान हलली, कारण निवड म्हणजे काय ते त्यांना माहीत आहे. फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग साफसूफ करायच्या विभागात, माल आला की तपासनीस येतो आणि नापास कास्टिंगवर खडूने फुली मारतो. घण घेतलेला माणूस फुली बघतो, विचार करत नाही. फुली नसलेल्या चांगल्या कास्टिंगवर घण घातला तर नोकरी जाते.

पेशीतली फुली म्हणजे युबिक्विटिन नावाचं ७६ मण्यांचं छोटं प्रथिन. मोडायच्या प्रथिनाला ते चिकटवतात. एक नव्हे, एकावर एक अशी साखळीच, आणि साधारण चार फुल्यांची साखळी झाली की निकाल पक्का. फुली मारायला तीन प्रकारची विकरं, म्हणजे एन्झाइम, एकामागून एक लागतात. पहिलं ऊर्जा खर्चून फुलीला तयार करतं, दुसरं ती वाहून नेतं, आणि तिसरं खरा तपासनीस: कोणत्या प्रथिनावर मारायची हे तेच ओळखतं. माणसात असे तपासनीस सहाशेहून जास्त प्रकारचे आहेत, प्रत्येकाची नजर वेगळ्या मालावर. आणि फुली वाया जात नाही. मोडण्याआधी ती काढून घेतात, पुढच्या मालाला वापरतात. आपल्याकडचे शेटजीसुद्धा इतकी काटकसर करत नसतील.

आता घण. त्याचं नाव प्रोटिओसोम. पिंपासारखा आकार: सात-सात तुकड्यांच्या चार कड्या एकावर एक, एकूण २८ तुकडे, मधून पोकळ. दोन्ही तोंडांना टोपण. टोपण फुली ओळखतं, आणि त्यातल्या सहा मोटरी इंधन जाळून घडी घातलेलं प्रथिन उलगडतात आणि दोऱ्यासारखं आत ओढतात. तोंड मुद्दाम इतकं अरुंद आहे की घडी घातलेलं प्रथिन आत शिरूच शकत नाही. नाहीतर समोर येईल ते चिरडलं गेलं असतं. सिम्पसन यांना दिसलेली ऊर्जा फुली मारण्यात आणि या ओढाताणीत जाते.

पाती आत आहेत, मधल्या दोन कड्यांमध्ये. तीन प्रकारची, प्रत्येकाची जोडी, म्हणजे सहा. प्रत्येक पात्याची धार म्हणजे थ्रिओनीन हा एकच मणी. माळेचे बारीक तुकडे होऊन बाहेर पडतात, पुढे त्यांचे सुटे मणी होतात आणि ते परत बांधकामाला जातात. पेशीत मोडतोडीची दुसरीही एक जागा आहे, लायसोसोम नावाची पिशवी, पण ती या गोष्टीत नको.

आता मातीकडे.

आमच्या भागात धूळवाफेचं भात पेरून लोक आभाळाकडे डोळे लावतात, आणि मिरगाचा पहिला पाऊस पडला की जो वास सुटतो तो सांगायची गरज नाही. त्या वासातला मोठा वाटा जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो, आणि ते बनवतात स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू. बुरशीसारख्या बारीक धाग्यांनी वाढतात, पण असतात जिवाणूच. मातीत गर्दी फार, अन्न कमी, पळून जायला पाय नाहीत. त्यामुळे हे जंतू एकापेक्षा एक रसायनं बनवतात. क्षयावरचं पहिलं प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसिन त्यांचंच, नावातच दिसतं.

टोकियोच्या कितासातो संस्थेतले सातोशी ओमुरा यांनी आयुष्यभर हेच केलं: जागोजागची माती गोळा करायची, त्यातले जंतू वाढवायचे आणि ते काय बनवतात ते बघायचं. जपानमधल्या एका गोल्फच्या मैदानाजवळच्या मातीतल्या त्यांच्या जंतूपासून पुढे आयव्हरमेक्टिन आलं, जे आपल्याकडे जनावरांचे डॉक्टर शेळ्या-मेंढ्यांना टोचतात. त्यासाठी २०१५ साली त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण आपल्या गोष्टीतला जंतू वेगळा. ओमुरा यांची मंडळी चेतापेशींना वाढायला लावणारं द्रव्य शोधत होती. उंदराच्या चेतापेशींच्या गाठीतल्या पेशी काचेच्या बशीत वाढवायच्या आणि त्यांवर एकेका जंतूचा अर्क टाकून बघायचा. १९९१ साली एका स्ट्रेप्टोमायसिसच्या अर्काने कमाल केली. दुभंगत सुटलेल्या त्या कर्कपेशी दुभंगायच्या थांबल्या आणि त्यांना शहाण्या चेतापेशींसारखे धागे फुटले. द्रव्याला नाव दिलं लॅक्टासिस्टिन. ते हे कसं करतं, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

१९९२ साली हार्वर्डचे ई. जे. कोरी यांनी लॅक्टासिस्टिन प्रयोगशाळेत पहिल्यापासून बांधून दाखवलं. मग त्याच विद्यापीठातल्या स्टुअर्ट श्रायबर यांच्या गटाने साधा, पण मला फार आवडणारा डाव टाकला. लॅक्टासिस्टिनला किरणोत्सारी खूण लावली, पेशींत सोडलं आणि ते कुणाला जाऊन चिकटतं ते बघितलं. चोराच्या पैशाला रंग लावून ठेवावा तसं. १९९५ साली उत्तर आलं: खूण मिळाली ती प्रोटिओसोमच्या पात्यावर.

थोडं रसायन, फार नाही. पाण्यात लॅक्टासिस्टिन आपल्या अंगचा एक भाग टाकतं आणि ताणलेल्या, चौकोनी कडीच्या रूपात येतं. ही कडी उघडायलाच टपलेली असते. पात्यातला थ्रिओनीन नेहमीप्रमाणे समोरचा माल कापायला जातो, कडी फुटते आणि तिचं एक टोक त्यालाच घट्ट चिकटतं. कात्रीत चिंध्यांऐवजी डिंकाची कांडी घालावी तसं. पातं पुढे काही कापू शकत नाही, आणि चिकटलेलं सहजी सुटतही नाही. तो गाठीतल्या पेशींचा शहाणपणा इथून आला होता: दुभंगण्याची चक्रं चालवायला जी प्रथिनं वेळेवर मोडावी लागतात, ती मोडणंच थांबलं होतं.

लॅक्टासिस्टिन औषध झालं नाही. ते राहिलं प्रयोगशाळेत, हत्यार म्हणून. 'अमुक प्रथिन पेशीत मोडतं ते प्रोटिओसोममधून का?' असा प्रश्न पडला की लॅक्टासिस्टिन टाकायचं आणि प्रथिन साचतं का ते बघायचं. गेल्या तीस वर्षांत अशा प्रयोगांनी किती प्रश्न सुटले याची मोजदाद नाही. उंदरांच्या मेंदूत ते टोचलं तर कंपवातासारखी लक्षणं दिसतात, म्हणून कंपवाताच्या अभ्यासातही वापरतात. चेतापेशींना मोडतोड बंद झालेली सोसत नाही, हे लक्षात ठेवा, खाली कामाला येईल.

औषधापर्यंत पोहोचला तो दुसऱ्या जंतूचा माल. १९९२ साली ब्रिस्टल-मायर्स स्क्विब कंपनीच्या जपानमधल्या शास्त्रज्ञांना स्ट्रेप्टोमायसिसच्याच भावकीतल्या एका जिवाणूत एपॉक्सोमायसिन सापडलं. उंदरांतल्या गाठींवर त्याचा परिणाम झाला, पण ते काम कसं करतं हे न कळल्यामुळे बाजूला पडलं. १९९९ साली येल विद्यापीठातले क्रेग क्रूज यांनी दाखवलं की हेही प्रोटिओसोमचीच पाती धरतं, आणि ते इतक्या नेमकेपणाने की पेशीतल्या दुसऱ्या कात्र्यांना हात लावत नाही. कारण ते थ्रिओनीनला एका नव्हे, दोन ठिकाणी पकडतं, आणि अशी दुहेरी पकड इतर कात्र्यांवर बसतच नाही. या सांगाड्यात बदल करत करत कारफिल्झोमिब तयार झालं, आणि २०१२ साली अमेरिकेत त्याला मायलोमासाठी परवानगी मिळाली.

मामांचं बोर्टेझोमिब मात्र जंतूने बनवलेलं नाही. ते माणसाने रचलेलं, २००३ सालापासून वापरात असलेलं, बोरॉन हे मूलद्रव्य असलेलं औषध. नावातला 'बोर' तिथून आला. पण ते बसतं त्याच पात्यावर, त्याच थ्रिओनीनवर. फरक असा की लॅक्टासिस्टिन आणि एपॉक्सोमायसिन चिकटले की चिकटले, बोर्टेझोमिब काही काळाने सुटतं. म्हणून दोन सुयांमध्ये निदान ७२ तास जाऊ द्यावे लागतात, तेवढ्यात चांगल्या पेशी दम खातात. सोमवार आणि गुरुवार हे वार तिथून आले. मामांना वाटत होतं डॉक्टर त्याच दिवशी येतात म्हणून.

मग मामांचा पुढचा प्रश्न, आणि तो बरोबर होता. "फोडाफोडी सगळ्याच पेशींत चालतीया म्हणतोस. मग हे मायलोमाचंच का मारतंय? मी का जिवंत हाय?"

मायलोमा हा प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. या पेशी हाडांच्या मगजात राहतात आणि त्यांचं एकच काम: प्रतिपिंडं बनवणं. एकेक पेशी सेकंदाला हजारो प्रतिपिंडं बाहेर टाकते. कर्करोग झाला की त्या बेसुमार वाढतात आणि तेच एक निरुपयोगी प्रतिपिंड बनवत राहतात. हाडं दुखतात, रक्त कमी होतं, मूत्रपिंडं तुंबतात. मामांचंही निदान कंबरदुखीपासूनच सुरू झालं, आणि पहिले सहा महिने आम्ही सगळे ती वयाची कंबर समजलो.

तीन पाळ्यांत चालणारी फाउंड्री आणि गावातलं लोहाराचं दुकान, दोन्हीकडची मोडतोड एकाच दिवशी बंद करा. लोहार आठवडाभर सहज काढेल. फाउंड्रीत दुसऱ्या पाळीला रिजेक्ट मालाचा डोंगर उभा राहील. प्लाझ्मा पेशी ही तीन पाळ्यांची फाउंड्री आहे. नीट घडी न झालेली प्रथिनं साचतात, पेशीच्या आत धोक्याचे भोंगे वाजू लागतात, आणि एका मर्यादेपलीकडे पेशी स्वतःलाच संपवते. एवढ्याने सगळं उलगडतं असं नाही. पेशीला 'जगत राहा' सांगणारा एक संदेशही प्रोटिओसोमवर अवलंबून असतो, तोही या औषधाने अडतो. पण मामांना आणि मला डोंगराचं कारण पटलं.

लोहाराच्या दुकानालाही थोडा त्रास होतोच. बोर्टेझोमिब घेणाऱ्या बऱ्याच जणांच्या तळपायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, आग होते. चेतापेशी इथे परत भेटतात. असं झालं की लगेच डॉक्टरांना सांगायचं, कारण मात्रा कमी करता येते. सहन करत बसलं तर बधिरपणा मुक्कामाला राहू शकतो. आपल्या माणसांची खोड अशी की तळपाय जळला तर खोबरेल चोळायचं आणि दवाखान्यात 'सगळं बरं हाय' म्हणायचं. प्लेटलेटही उतरतात आणि नागीण उठू शकते, म्हणून तिच्यासाठी वेगळ्या गोळ्या सोबत देतात.

आणखी एक गोष्ट, जी मला मामींना दोनदा सांगावी लागली. शेजारणीने ग्रीन टी आणून दिला होता, कॅन्सरला चांगला म्हणून. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, बशीतल्या पेशींत आणि उंदरांत, ग्रीन टीमधलं एक द्रव्य बोर्टेझोमिबच्या बोरॉनलाच जाऊन चिकटतं आणि औषध निकामी करतं, असं दिसलं. क जीवनसत्त्वाबद्दलही प्रयोगशाळेत तसंच दिसलं आहे. जेवणातल्या लिंबाची फोड टाकून देऊ नका, पण ग्रीन टी, त्याच्या गोळ्या, आवळ्याचे डोस, काढे यांतलं काहीही चालू असेल तर सुई द्यायच्या आधी डॉक्टरांना सांगा. मामींनी ग्रीन टीचं पाकीट मला दिलं. मला तो आवडत नाही, अजून तसंच पडलं आहे.

सगळं सांगून झाल्यावर मी उठलो तेव्हा मामांनी शेवटचा प्रश्न काढला. तो जंतू हे विष आपल्याच अंगात बनवतो, मग त्याची स्वतःची पाती कशी बंद पडत नाहीत?

वर्गात हा प्रश्न मला आजवर एकाही पोराने विचारलेला नाही. बहुतेक जिवाणूंना प्रोटिओसोम नसतोच, म्हणजे प्रश्नच मिटतो. पण स्ट्रेप्टोमायसिस आणि त्यांची भावकी याला अपवाद आहे. क्षयाचा जंतूही त्याच भावकीतला, आणि त्याचाही प्रोटिओसोम बंद पाडता येईल का यावर संशोधन चालू आहे. तर ज्याच्याकडे पाती आहेत त्याने पाती बंद पाडणारं द्रव्य बनवायचं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. याचं नीट उत्तर समुद्रातल्या एका भाऊबंदात मिळालं. बहामा बेटांजवळच्या समुद्रतळाच्या गाळात सॅलिनिस्पोरा ट्रोपिका नावाचा जिवाणू राहतो. तो बनवतो सॅलिनोस्पोरामाइड ए, हेही पाती धरणारं. औषध म्हणून मेंदूच्या गाठीवर त्याची मोठी चाचणी झाली, पण रुग्णांचं आयुष्य त्याने वाढलं नाही. त्या जिवाणूचे जीन वाचले तेव्हा विष बनवणाऱ्या जीनांच्या शेजारीच एक जास्तीचा जीन सापडला: प्रोटिओसोमच्या पात्याचाच, पण घडण थोडी वेगळी, विष त्यावर नीट बसत नाही असा. विष बनवायला घेतलं की हे दुसरं पातं बसवायचं.

मामा उठून पायाचे तळवे एकमेकांवर घासत होते. मुंग्या येतात का विचारलं, तर नाही म्हणाले, मग थोड्या येतात म्हणाले. गुरुवारी डॉक्टरांना सांगायचं ठरलं.

"म्हंजे स्पेअर ठेवतंय की," ते म्हणाले. "आमच्या मालकाला सांगून दमलो होतो."